नवल थोडं, उजळणी थोडी

पोरांनो, मंडळाची वही आणि कपाटाची किल्ली आज तुमच्या हवाली करतोय. किल्ली हरवली तरी फिकीर नको, ते कुलूप नुसत्या हिसक्यानेही उघडतं. वही मात्र हरवू देऊ नका.

आपण इतकी वर्षं बसतोय ते एकाच प्रश्नासाठी: माहिती म्हणजे काय? सुरुवातीला लोक हसायचे. 'तालुक्याला प्यायला पाणी नाही अन् मास्तर माहितीच्या मागं लागलेत,' असं पारावर चालायचं. मी म्हणायचो, टँकर आज येणार की उद्या, हे ज्या घराला आधी कळतं त्या घरातले हंडे आधी रांगेला लागतात. मग हे कळणं काय चीज आहे, ते बघायला नको का? पण असा प्रश्न घेऊन चार वेळा बसणं सोपं आहे, वर्षानुवर्षं बसणं अवघड. त्यात मला जे सुचलं आणि जे चुकतमाकत शिकलो, ते सांगतो. पटेल ते ठेवा.

प्रश्न मोठा असू द्या, बैठक लहान विषयावर घ्या

पहिल्या बैठकीत मी फळ्यावर लिहिलं, 'माहितीचे स्वरूप'. अकरा जण होते, अकरा व्याख्या झाल्या. पुढच्या वेळी चौघं आली. तेव्हापासून मी व्याख्या मागायचं सोडलं आणि वस्तू मांडायला लागलो.

एका संध्याकाळी सातबाराचा उतारा मांडला. नमुना सात हक्काचा, नमुना बारा पिकाचा. पिकाची नोंद आधी तलाठी करायचा. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्याच रानात उभा राहून मोबाइलवरून करतो. रान तेच, पीक तेच, सांगणारा बदलला. मग माहिती तीच राहिली का? आणि भरवसा? दोन तास कसे गेले कळलं नाही. त्या दिवशी सगळ्यांत नेमकं बोलला तो तलाठ्यांबरोबर जन्मभर हिंडलेला एक कोतवाल.

दुसऱ्या एका बैठकीला पानिपतचं पत्र घेतलं. जानेवारी 1761 मध्ये नानासाहेब पेशव्यांना पराभवाची खबर लागली ती एका सावकारी पत्रातून. मोती गळाले, मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याची तर मोजदादच नाही, अशा अर्थाचा मजकूर. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, हे वाचणाऱ्याला उमगलं. तेच पत्र वाटेत एखाद्या परक्याने फोडलं असतं, तर त्याला त्यात पेढीचा तोटा दिसला असता. कागद एक, शाई एक. मग माहिती कागदात होती की वाचणाऱ्यात? हा प्रश्न वहीत अजून उघडाच आहे.

आणि इतकं लांब पानिपतला तरी कशाला जायचं? खर्डा आपल्याच जामखेड तालुक्यात आहे. मार्च 1795 मधल्या लढाईच्या रात्री घोड्यांना पाणी शोधत निघालेली मराठ्यांची एक लहानशी टोळी निजामाच्या पहाऱ्याला धडकली आणि अंधारात बंदुका वाजल्या, असं ग्रँट डफने लिहिलंय. त्या आवाजाने निजामाच्या फौजेत हलकल्लोळ उडाला आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. आवाज खरा होता. त्याचा लावलेला अर्थ मात्र भलताच निघाला. आता ती माहिती होती की नव्हती? मुलांना किल्ल्याच्या तटावर नेऊन हा प्रश्न विचारा. बंद खोलीत जे बोलायला महिना लागतो, ते तिथे अर्ध्या तासात बोलतात.

टिकायचं कसं, ते गावातच शिका

लोक मला सांगायचे, अशी मंडळं पुण्यात चालतात. चालतात खरी. पण मी जो धडा घेतला तो आपल्या गावातल्या बायकांकडून.

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. वेल्लोरला डॉक्टर झालेलं आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकलेलं जोडपं. त्यांनी आधी शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत ठेवून पाहिल्या. त्या तिथे रुळेनात. मग गावातल्याच बायकांना तयार करायचं ठरलं. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. या बायका दर आठवड्याला जामखेडच्या केंद्रात यायच्या. एकत्र राहायच्या, एका पंगतीला जेवायच्या. गावात काय घडलं ते एकेकीने सांगायचं, त्यावर सगळ्यांनी डोकं लावायचं, शिकलेलं पुन्हा म्हणून पाहायचं आणि गावी जाऊन दुसऱ्यांना शिकवायचं. जुन्या बाईने नवीला तयार करायचं.

1971 च्या सुमाराला या भागात हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत जायची, असं आरोळ्यांच्या प्रकल्पाची नोंद सांगते. 1990 च्या दशकात हा आकडा विशीच्या आसपास आला. 1979 साली आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे लोक शिकायला जामखेडला यायला लागले. 1999 साली मेबलबाई गेल्या, 2011 साली डॉक्टर गेले. काम थांबलं नाही.

माझं लक्ष एका गोष्टीवर खिळलं. 176 हा आकडा दप्तरात नुसता आकडा असतो. जिने स्वतः दोन बाळं पुरलीत तिच्या कानावर तो पडला की त्याचं दुसरंच काही होतं. ती उठून कामाला लागते. माहितीने माणूस हलला पाहिजे, हे आम्ही पुस्तकात वाचून बोलत होतो. या बायका दर आठवड्याला ते करत होत्या. आणि त्यांच्या बैठकीत दोनच गोष्टी होत्या. गावाकडून आलेलं नवल आणि झालेल्या धड्याची उजळणी. तेव्हापासून मी आपल्या मंडळालाही हेच माप लावतो. बैठकीला नवल होतं का? उजळणी होती का? दोन्ही असेल तर बैठक झाली. एकच असेल तर निम्मी झाली.

ज्याचं बोलणं तोंड उघडायच्या आत कळतं, त्याच्यासाठी खुर्ची अडवू नका

क्लॉड शॅनन नावाचा अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतला माणूस. त्याने 1948 साली निरोपातली माहिती मोजायची रीत काढली. रीत अशी की निरोप जितका अनपेक्षित, तितकी त्यात माहिती जास्त. 'मे महिन्यात जामखेडला ऊन पडलं' यात काहीच नाही. 'मे महिन्यात विंचरणा नदीला पूर आला' यात पुष्कळ आहे. नाणं उडवलं, छापा की काटा कळलं, की एक बिट माहिती झाली. निरोपाचा अर्थ काय, हा प्रश्न त्याने जाणूनबुजून बाजूला ठेवला होता, हेही मुलांना सांगा. नाहीतर ती समजतील की वजनकाट्याला चवही कळते.

आता हेच माप मंडळाला लावा. मध्ये एक काळ असा आला की बैठकीत आम्ही सगळे मास्तरच. कोण कुठल्या वाक्याने सुरू करणार आणि कुठे घसा खाकरणार, तेही मला ठाऊक. शॅननच्या हिशेबाने त्या बैठकांत माहिती शून्य होती. आम्ही त्यालाच चर्चा म्हणत होतो.

मग एक मेंढपाळ आणला. पाऊस यायच्या आधी मेंढरं कशी वागतात ते त्याने सांगितलं आणि आमच्याकडे बघून विचारलं, 'गुरुजी, त्यांना निरोप कोण धाडतं?' धाडणारा नसताना माहिती असते का, या प्रश्नाशी जगभरचे विद्वान झगडतायत. आमच्या खोलीत तो घोंगडी खांद्यावर घेऊन आला. पुढे मोबाइल दुरुस्त करणारा एक पोरगा आला, एक कीर्तनकार आले, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या एक ताई आल्या. दर तीन बैठकांना एक तरी नवा माणूस आणा, आणि त्याला पहिल्यांदा बोलू द्या. शेवटी ठेवलात तर तोवर तो आपलं म्हणणं गिळून बसतो.

उजळणीला कंटाळा म्हणू नका

नवल नवल करत नुसते नवेच विषय आणाल तर मंडळाची जत्रा होईल. आले, पाहिलं, गेले.

आपल्याकडे वेद लिहून न ठेवता हजारो वर्षं तोंडी राखले. ते नुसत्या स्मरणशक्तीवर राहिले नाहीत. क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनी तेच शब्द पुढून, मागून, जोडून, उलटून म्हणायचे. एक शब्द घसरला तर पुढची जोडी बसत नाही आणि चूक लगेच पकडली जाते. आजची यंत्रंही तेच करतात. तुमच्या आधारकार्डावरचा बारावा आकडा आधीच्या अकरांवरून हिशेब करून काढलेला असतो, म्हणून क्रमांक टाकताना बोट चुकलं तर यंत्राला कळतं. म्हणजे तो शेवटचा आकडा नवीन काहीच सांगत नाही, आणि तरी त्याच्याशिवाय चालत नाही.

आपल्या बैठकीत हे काम पहिल्या दहा मिनिटांचं. मागच्या वेळी काय ठरलं, काय अडलं, कोण काय म्हणालं, हे एकाने सांगायचं आणि ज्याचं म्हणणं त्याने 'हो, असंच म्हणालो' किंवा 'नाही, असं नव्हे' एवढंच म्हणायचं. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. ही दहा मिनिटं एकदा वेळ कमी म्हणून मी काढून टाकली होती. तीन महिन्यांत दोन जुने सोबती एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि गोष्ट एवढीच की एकाने न म्हटलेलं वाक्य दुसरा खोडत बसला होता.

वाद करा, जल्प करू नका

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला बोलतात तो वाद. जिंकायला बोलतात तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती पाडायची, ती वितंडा. मराठीत 'वाद घालणं' म्हणजे भांडणं झालं, हे आपलं दुर्दैव. मूळ शब्द चांगल्या घरचा आहे.

जल्पातली एक खोड मुलांना मुद्दाम शिकवा. तिला छल म्हणतात. जुनं उदाहरण आहे: एकजण म्हणतो, या माणसाकडे 'नवकंबल' आहे, म्हणजे नवी घोंगडी. समोरचा म्हणतो, कुठे आहेत नऊ घोंगड्या, मला तर एकच दिसते! शब्द धरला, अर्थ सोडला. आपल्या विषयात तर हे पावलोपावली होतं, कारण 'माहिती' या शब्दाखाली कोणी बातमी आणतो, कोणी ज्ञान आणतो, कोणी संगणकातला विदा. म्हणून आपला नियम ठेवा: शब्दावर अडलं की वक्त्याने एक उदाहरण द्यायचं. उदाहरण देता आलं नाही तर तो मुद्दा पुढच्या बैठकीला.

दुसरा नियम पूर्वपक्षाचा. ज्याला खोडायचं त्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, असं मांडायचं की तो म्हणाला पाहिजे, 'मलाही इतकं नीट जमलं नसतं.' 1983 साली पुण्यात मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण यांच्या पुढाकाराने एक बैठक झाली. एका बाजूला संस्कृतात शिकलेले पंडित, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत शिकलेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. बर्ट्रांड रसेलचे विचार संस्कृतात आणून पंडितांपुढे ठेवले आणि त्यांना विचारलं, यावर तुमचं काय? दोन्हीकडची विद्वत्ता जुनीच होती. नवी होती ती दुसऱ्याच्या भाषेत आपली बाजू ठेवायची तसदी. ती घ्यायची तयारी असेल तर आपल्या खोलीत मेंढपाळ आणि मास्तर यांच्यातही तीच बैठक होते.

वहीत मतभेद नावानिशी लिहा

आपल्या वहीत ठराव कमी आणि 'अमक्याला हे मान्य नाही' हेच जास्त आहे. ते तसंच चालू द्या.

म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र केलं ते कसं? चक्रधरांचा सहवास मिळालेल्या माणसांकडे स्वतः जाऊन, विचारून, नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन. पुढे मूळ प्रत धाडीत गेली, असं महानुभाव पंथात सांगतात. मग ज्यांना जे पाठ होतं त्यावरून ती पुन्हा उभी केली. त्यामुळे हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ असे वेगळे पाठ झाले आणि ते त्यांच्या नावांनी राहिले. सगळे एकात मिसळून गुळगुळीत केले नाहीत. मराठीतल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथाने आपल्याला शिकवलेली ही रीत आहे: कोण म्हणालं, कोणाकडून कळलं, कुणाचं वेगळं होतं.

मतभेद पुसून 'सर्वानुमते' लिहिलंत की वही बघायला नीट दिसते आणि वाचायला कुणी येत नाही. दहा वर्षांपूर्वी ज्याचं मत एकटं होतं, त्याचंच आज खरं निघालेलं मी दोनदा पाहिलंय. लिहून ठेवलं नसतं तर त्यालाही आठवलं नसतं.

दिवस, चहा आणि पैसा

बाजाराच्या दिवशी बैठक नको. लग्नसराईत महिन्याला एकच ठेवा. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातली कितीतरी घरं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. ती माणसं गेली म्हणून त्यांची नावं खोडू नका. परतल्यावर त्यांना पहिल्या बैठकीचं निमंत्रण घरी जाऊन द्या आणि फडावर काय पाहिलं ते बोलायला लावा. मोळ्यांचा हिशेब कोण ठेवतं, उचल किती फिटली हे कोणाच्या वहीत असतं, मजुराला ती वही बघायला मिळते का, हे सगळं माहितीचंच शास्त्र आहे. फुकटचं नाही, घामाचं आहे.

चहा पाळीपाळीने. ज्याची पाळी त्यानेच कपबश्या विसळायच्या, मग तो प्राध्यापक असो की कोणी. वर्गणी इतकी लहान ठेवा की कोणाला मागायला आणि द्यायला लाज वाटणार नाही. मोठी देणगी आली तर हात जोडा आणि पुस्तकं मागा. पैसा आला की मागून फलक येतो, फलकामागून अध्यक्षपद येतं आणि अध्यक्षपदामागून दोन गट येतात. हे मी एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिलंय, नाव घेत नाही.

चौघं आली तरी बैठक घ्या. दोघं आली तर वही वाचा. एकटेच असाल तर वही लिहा आणि कुलूप लावून घरी जा. 'आज कोणी नव्हते' ही नोंदही नोंदच आहे.

म्हाताऱ्याला शेवटी बोलवा

हा कानमंत्र माझ्याविरुद्धच आहे, म्हणून शेवटी ठेवला. वयाने मोठा माणूस आधी बोलला की बाकीचे त्याच्या बोलण्याला फाटे फोडतात. स्वतःचं आणत नाहीत. मी बरीच वर्षं ही चूक केली आणि वर तिला मार्गदर्शन म्हणत आलो. आता मी भिंतीकडच्या बाकावर बसेन. मला शेवटी पाच मिनिटं द्या. पाचाची सात झाली तर चहा आणा, मी थांबेन. आणि माझ्या बोलण्यातलं काय येणार ते तुम्हाला आधीच कळायला लागलं, तर शॅननला स्मरून मला तसं सांगा.

वहीचं पहिलं पान मी कोरं ठेवलंय. 'माहिती म्हणजे' एवढंच लिहिलंय, पुढे काही नाही. पहिल्या दिवशी वाटलं होतं, महिन्याभरात भरेल. ते पान भरायची घाई करू नका. पण दरवर्षी एकदा सगळ्यांनी मिळून ते उघडून बघा.

आणि वहीची दुसरी प्रत आज रात्रीच काढा. एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावातल्या कुणाकडे.